हंड्याची जागा

शेवटची आंघोळ घालायला पाणी नाही म्हणून बापूराव ओसरीवर तसेच पडून होते. त्यांचा भाऊ ज्ञानदेव घरोघरी फिरला. कोणी तांब्याभर दिलं, कोणी अर्धी कळशी. कौशल्या मात्र घरातला शेवटचा भरलेला हंडा कमरेवर घेऊन निघाली.

वाघोलीत असलं ऊन कधी पडलं नव्हतं, हे वाक्य आता दर मे महिन्यात म्हणावं लागतं. टँकर चार दिवसांनी येई. म्हणजे वस्तीत. पलीकडच्या आयटीवाल्यांच्या सोसायटीत तो रोज जाई आणि तिथल्या गाड्या न्हाऊन-माखून ऑफिसला निघत. वस्तीत रांग हंड्यांची असे. हंडा ठेवायचा आणि आपण सावलीला बसायचं. दुसऱ्याच्या हंड्याला हात लावायचा नाही.

मागच्या खेपेला कौशल्यानं लावला. बोअरच्या पाण्यानं तिच्या रोहनला जुलाब लागले होते, लेकरू पार गळून गेलं होतं. तिनं बापूरावांचा हंडा मागं सारला आणि आपले पुढं ठेवले. तिचे भरले आणि टँकर संपला.

काल बापूराव सावलीला गेलेच नाहीत. सगळ्यांच्या आधी हंडा ठेवून त्याच्याशेजारी भर उन्हात बसून राहिले. टँकर आला नाही. दुपारी ते जागच्या जागी कलंडले. उष्माघात, डॉक्टर म्हणाले.

कौशल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चारचौघांत बापूरावांची बायको जयामावशी काय बोलेल, या धास्तीतच तिनं हंडा ओसरीवर नेऊन ठेवला.

जयामावशीनं हंड्यात फडकं बुडवून पिळलं. नवऱ्याचं तोंड पुसलं, छाती पुसली, पाय पुसले. मग हंडा कौशल्याकडे सरकवला.

"ने माघारी. पोराला उकळून पाज."

"मावशी, त्या दिशी तुमचा हंडा मी..."

"ठावं हाय. त्यांनी बघितलं व्हतं तुला." मावशी नवऱ्याकडेच बघत होती. "म्हणले, पोरगं आजारी हाय तिचं, भांडून काय करू? फुडल्या खेपेला हंड्यापाशीच बसंन."

कौशल्या हंडा घेऊन बाहेर आली. नाक्यावर रांग तशीच होती. सगळ्यात पुढं बापूरावांचा रिकामा हंडा, काल ठेवला तिथंच.

कोणी हलवला नव्हता.