स्पिटफायरवरच्या खुणा

आबाजीनं श्वास रोखून ब्रशचं टोक काळ्या रंगात बुडवलं. आजची खूण शेवटची. चुलतभाऊ यशवंतराव पहाटे गेला होता, आणि बातमी कानावर पडताच आबाजी चहा अर्धा टाकून विमानापाशी येऊन बसला होता.

विमान म्हणजे महायुद्धातलं स्पिटफायर हे लढाऊ विमान, पण वीतभर लांबीचं, शोभेचं. देहूरोडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यानं सुटे भाग मागवून ते जोडलं. सांधे पॉलिश पेपरनं घासून घासून बेमालूम केले. पाठीवर हिरवा-तपकिरी रंग चढवला, पोटाला फिका राखाडी. शत्रूचं विमान पाडलं की वैमानिक आपल्या विमानाच्या नाकाशी एक खूण रंगवायचे, असं त्यानं कुठंसं वाचलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. शत्रू त्यालाही होता की.

भोसरीतल्या सामाईक शेताचा रस्त्याकडचा पट्टा यशवंतरावानं दांडगाईनं बळकावला होता. वर त्यावर कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्याही ठोकल्या. तेव्हापासून बोलणं बंद. आबाजीनं अर्ज करकरून त्या खोल्या पालिकेकडून पाडून घेतल्या, ती पहिली खूण. यशवंतराव निवडणुकीला उभा राहिला आणि सपाटून आपटला. आबाजीनं घरोघर फिरून त्याच्याविरुद्ध आग लावली होती. ती दुसरी. कोर्टानं पट्टा आबाजीचा ठरवला, त्या दिवशी तर त्यानं पेढे वाटून मग ब्रश हातात घेतला. खूण रंगवली की त्याला झकास झोप लागायची.

“ब्रश ठेवा खाली,” बायको मंजुळाबाई दारातून म्हणाली. “सुतक हाय आपल्याला.”

“त्याचं सुतक? आणि मी पाळू?”

“रडा म्हणत न्हाई मी. रंग तेवढा लावू नका.”

एवढ्यात भावकीतले सगळ्यांत वडीलधारे कोंडीरामतात्या आले. ते बसलेही नाहीत.

“यशवंताला पोटी मूल न्हाई,” ते म्हणाले. “जवळचा तूच हाईस. अग्नी तुला द्यावा लागंल. जमत नसंल तर तसं सांग, दुसरा बघतो.”

आबाजी नाही म्हणणारच होता. मग त्याच्या मनात आलं, वैऱ्याला स्वतःच्या हातानं आग लावायची, असं भाग्य कुठल्या वैमानिकाला लाभलं असेल?

“दुसरा कशाला, तात्या? मीच येतो,” तो म्हणाला. हसू लपवायला त्यानं तोंड फिरवलं.

स्मशानात सगळी भावकी बघत होती. आबाजी उघड्या अंगानं, खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन ताठ मानेनं सरणाभोवती फिरला. दर फेऱ्याला तात्या दगडानं मडक्याला भोक पाडत होते आणि पाण्याची धार त्याच्या पाठीवरून ओघळत होती. यशवंतरावाच्या गालांवर पांढरे खुंट वाढले होते. सरणावर तो एवढासा दिसत होता. याला पाडायला आपलं सगळं म्हातारपण खर्ची पडलं, असं आबाजीला वाटून गेलं.

“आता मडकं मागं टाक आणि बोंब मार,” तात्या म्हणाले. “एकच. बाप गेल्यावर पोरगा मारतो तशी.”

मडकं फुटलं. आबाजीनं पालथा हात तोंडावर नेला आणि रीत म्हणून एक बोंब मारली. रीत तिथं संपत होती, पण त्याचा हात काही तोंडावरून खाली येईना. “बास, आबाजी, बास,” तात्या म्हणत राहिले. त्याचा घसा बसला, तरी तो थांबला नाही. शेवटी दोघातिघांनी त्याला कवेत धरून मागं ओढलं, आणि अग्नी दुसऱ्याच कुणीतरी दिला.