महिन्याभराची वही

जोतिबावर नारळाच्या दुकानात बसलेल्या स्वप्नालीला कॉलेजच्या नेर्लेकर मॅडम पायऱ्या उतरून येताना दिसल्या. लग्नानंतरही तिनं बीएची दोन वर्षं काढली होती, पण महिन्यापूर्वी सासूचा पाय मोडला, दुकान स्वप्नालीवर आलं आणि तिचं कॉलेज सुटलं. कॉलेजला जाणारी सकाळची एसटी दिसू नये म्हणून ती त्या वेळी आत जाऊन बसायची. “दर्शनाला आलासा मॅडम?” “तुझ्याकडं आलेय. हजेरीत रोज तुझं नाव घेते.” स्वप्नाली नारळ पुसत राहिली. “आता कुठलं जमतंय, लई शिकवून झालं असंल की!” मॅडमनी पिशवीतून वही काढली. महिन्याभराचं सगळं स्वतःच्या हातानं लिहून आणलं होतं. स्वप्नालीनं ओढणीला हात पुसले, तरी वही घ्यायला धजेना. आतून सासू ओरडली, “घे की गं! नारळ मी इकतो. पाय मोडलाय, हात न्हाय!” स्वप्नालीनं वही उघडली आणि समोरचं गिऱ्हाईक ताटकळत राहिलं.