आजारांचं पान

अकरावीच्या प्रात्यक्षिकात मुलं, आधी पाठवलेल्या लाळेच्या नमुन्यांवरून, वेबसाइटवर आपापली जनुकं तपासत होती. कुणाला कुरळ्या केसांचं जनुक सापडलं, कुणाला दूध न पचण्याचं. वर्गात हशा चालला होता. केळुसकर मॅडमच्या पडद्यावर मात्र सगळ्यांचे निकाल आधीच दिसत होते. तेजलच्या नावापुढे मेंदूचा एक आजार लाल अक्षरांत आला होता. चाळिशीत सुरू होणारा, औषध नसलेला.

तेजलने हात वर केला. "मॅडम, आजारांचं पान उघडू?"

"तू नको उघडूस," मॅडम घाईने म्हणाल्या. "आज केसांचंच कर."

"पण बाकीच्यांनी उघडलंय."

मॅडमची नजर पुन्हा आपल्या पडद्याकडे गेली. तेजलचा हात हळूहळू खाली आला.

"तुम्ही पाहिलंत ना?"

मॅडम तिच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसल्या. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

तेजलने हळूच विचारलं, "बाबांना झालाय, तोच?"