वाकडी खुर्ची

"हा आवाज तुझाच ना, आई?" लेकीने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

आवाज तिचाच होता. नव्या लशींना मंजुरी देणाऱ्या समितीच्या बैठकीत आई टेबलावर हात आपटून कंपनीच्या माणसाला झापत होती. "तापात झटके येणाऱ्या मुलांना ही लस चालेल कशावरून? तुमच्या स्वतःच्या पोराला टोचाल?" त्या माणसाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेमका तिथेच व्हिडिओ संपला. कोणी चोरून काढला होता देव जाणे. सकाळपासून अख्खं शहर तो एकमेकांना पाठवत होतं.

"आणि माझ्यामागे रोज टुमणं, चिमीला टोचून आण, चिमीला टोचून आण! तिला झटके येऊन गेलेत, विसरलीस? आजी आहेस की कोण आहेस?"

"अगं, पुढचं ऐकशील का? त्या दिवशी वाकड्या खुर्चीची पाळी माझी होती."

समितीत तशी रीतच होती. दर बैठकीला एका सदस्याने टोकाच्या खुर्चीत बसायचं आणि समोर आलेल्या लशीच्या हात धुऊन मागे लागायचं. मनातून लस पटलेली असली तरी वाकड्यातच शिरायचं. आई मुलांची डॉक्टर. ती त्या खुर्चीत बसली की कंपनीवाल्यांना घाम फुटायचा. त्या दिवशीही फुटला. मग त्यांनी झटके येणाऱ्या मुलांवर केलेली वेगळी चाचणी पुढे ठेवली, आईने ती उलटसुलट तपासली, आणि समाधान झाल्यावरच मंजुरीसाठी हात वर केला. हे सगळं तिने लेकीला सांगितलं.

"म्हणजे नाटक करता तुम्ही लोक?"

"नाटक कसलं, बाई! खोदून विचारल्याशिवाय खोट कळणार कशी?"

"की वरून दम मिळालाय, आता गोड बोल म्हणून?"

आईने कपाळावर हात मारला.

लोकांच्या हाती तर आयतं कोलीतच मिळालं. समितीच्या अध्यक्षांच्या गाडीवर शाई पडली. कचेरीच्या भिंतीवर 'विकले गेले' असं रंगवलं गेलं. आईला मात्र सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि ते शिव्यांहून वाईट होतं. औषधांच्या दुकानातला माणूस म्हणाला, "मॅडम, त्या सगळ्या चोरांत तुम्ही एकट्या खऱ्या." तिने सांगितलं, अहो, मी मंजुरी दिलीय त्या लशीला. तर त्याने चक्क डोळा मारला. "कळतं हो आम्हाला. नोकरी आहे." जावयाने तिचं वाक्य मोबाइलवर स्टेटस म्हणून लावलं आणि खाली लिहिलं, सासूबाईंचा अभिमान वाटतो. बाकी वर्षभर त्याला सासूबाईंची आठवणही होत नसे.

रविवारी आई चिमीला बागेत न्यायला गेली, तर लेक दारात आडवी उभी राहिली.

"तुझ्याबरोबर एकटीला नाही पाठवणार. मधल्यामध्ये सुई टोचून आणशील."

पोटच्या पोरीने असं बोलावं! आई जिना उतरली आणि खालच्या पायरीवर बसून रडली. ती लस ज्या आजारावर होती, त्यानेच चिमीच्या पाळणाघरातली मुलं एकेक करून आजारी पडत होती. चिमी वाचली ती निव्वळ नशिबाने.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका आजारावरची लस समितीसमोर आली. सगळ्यांचे मोबाइल बाहेर काढून घेतले होते, तरी आत प्रत्येक जण दुसऱ्याकडे चोर असल्यासारखा बघत होता. टोकाच्या खुर्चीवर कोणीतरी फायली रचून ठेवल्या होत्या.

"या वेळी वाकडी खुर्ची नको," अध्यक्ष म्हणाले. "पुन्हा एक शब्द बाहेर फुटला तर लोक आपल्याला जगू देणार नाहीत. काय ते एकमुखाने करू."

आईने कागद वाचले होते. झटके येणाऱ्या मुलांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. प्रश्न अगदी ओठांवर आला. पण विचारला आणि बाहेर गेला, तर लेक पुन्हा दारात आडवी उभी राहणार आणि चिमी याही लशीवाचून राहणार. चिमीसाठी म्हणून तिने प्रश्न गिळला आणि हात वर केला. सगळ्यांचेच हात वर झाले. चहा यायच्या आत मंजुरी देऊन मंडळी मोकळी झाली.

ती लस दवाखान्यात आली त्याच दिवशी सकाळी आईच्या दारावरची बेल वाजली. दारात लेक, कडेवर चिमी. लेक चक्क हसत होती.

"ऐकलं मी बातम्यांत! या वेळी एकानेही विरोध केला नाही. असं हवं, आई. मागच्या वेळी तुम्हीच आपसात भांडत होतात, मग आम्ही विश्वास ठेवायचा तो कोणाच्या जिवावर?" तिने चिमीला आजीच्या हातात दिलं. "चल, चपला घाल. आपण तिघी मिळूनच टोचून आणू."

चिमीने आजीच्या गळ्याला मिठी मारली. कितीतरी दिवसांनी तो इवलासा भार अंगावर आला आणि आईला भरून आलं.

लेक चिमीच्या बुटाचा पट्टा लावायला वाकली आणि मध्येच थांबली.

"ए आई, झटके येऊन गेलेल्या मुलांना चालते ना गं ही?"

आईने चिमीला घट्ट धरलं.

"ते मी विचारलंच नाही गं," ती म्हणाली.