सहा महिन्यांची सूचना

"मॅडम, सकाळच्या अपडेटनंतर आमचे सगळे सर्व्हर बसलेत हो!" फोनवर माझे जुने साहेब काकुळतीला आले होते. उभ्या उभ्या मला कामावरून काढताना हेच 'ए बाई' म्हणाले होते.

मी घेवडा मोडत राहिले. लिनक्स या संगणक प्रणालीतली, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, मी हौसेनं सांभाळते. तिची जुनी आवृत्ती आता फक्त यांच्याच सॉफ्टवेअरला लागत होती. आजच्या अपडेटमध्ये ती मी काढून टाकली.

"निदान आधी कळवायचं तरी!"

"कळवलं होतं. नियमाप्रमाणे सहा महिने आधी, तुमच्या कंपनीनं या लायब्ररीसाठी नोंदवलेल्या ईमेलवर."

"कुणाच्या?"

"माझ्याच, ऑफिसच्या. मला काढलंत, त्याच दुपारी तुम्ही तो बंद करायला लावलात ना? तिथून परत आलेली ती सूचना मी जपून ठेवलीय. पाठवू?"