खिडकीजवळचं टेबल

खरा समीक्षक कोणाचाच नातेवाईक नसतो, असं त्याचं ठाम मत होतं. हे मत त्याला मेहुण्याचं हॉटेल बंद पाडल्यानंतर सुचलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, शेफ. त्याच्या सूपबद्दल याने लिहिलं होतं, ‘भांडी विसळलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ नये, ही तळमळ जाणवते.’ थोड्याच दिवसांत हॉटेलला कुलूप लागलं. जमिनीवर कोणी उभं करेना, म्हणून मेहुणा समुद्रावर गेला. आता तो एका क्रूझवर प्रयोगशील जेवण वाढत होता. भल्यामोठ्या ताटल्या, प्रत्येकीत घासभर पदार्थ, एकामागून एक, अंधाऱ्या हॉलमध्ये. कंपनीने समीक्षकाला सपत्नीक बोलावलं होतं. लेख चांगला आला तर मेहुण्याची नोकरी पक्की. वाईट आला तर पुढच्या बंदरावर त्याला उतरवणार होते.

केबिनमध्ये बायको बॅग भरत होती.

“आत्ताच कशाला भरतेस?”

“तो उतरला की मीही उतरणार. पुन्हा घरी येणार नाही.”

“जेवायला तरी चल.”

“तुमच्यासमोर बसून? त्यापेक्षा लाइफबोटीत बसेन.”

“मी खोटं लिहीत नसतो.”

“खोटं कोण लिहा म्हणतंय? एकदा फक्त खोड न काढता जेवा. जमलं तर.”

त्याने टाय सारखा केला आणि बाहेर पडला. लेखाचं पहिलं वाक्य तो नेहमी जेवणाआधीच जुळवत असे. आजचं जुळलंही होतं: ‘जहाज बुडायला हिमनगच लागतो असं नाही, एक शेफ पुरतो.’

त्याचे नियम धंद्यात सगळ्यांना पाठ होते. नाकावर चष्मा असेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. पदार्थाला बोलता येत नसेल, तर वेटरने त्याची वकिली करू नये. चमचा स्वतःचा, खिशातला. आणि टेबलही स्वतः निवडलेलं, कारण राखून ठेवलेल्या टेबलावर राखून ठेवलेलं जेवण येतं.

हॉलच्या दारातच त्याने चष्मा चढवला. प्रत्येक टेबलावर एकेक मिणमिणता दिवा होता. खिडकीजवळचं, फुलांनी सजवलेलं टेबल तेवढं रिकामं होतं. सापळा त्याने लगेच ओळखला. तो तडक स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी, कोपऱ्यात गेला. तिथल्या टेबलावर ना दिवा, ना फूल. कुठूनशी खुर्ची ओढून तो बसला.

एक मिशीवाला वेटर धावत आला. “साहेब, हे...”

त्याने चष्म्यावर बोट ठेवलं. वेटरने तोंड मिटलं. मेहुण्याने सगळ्यांना सज्जड दम दिलेला दिसत होता. वेटर आत जायला वळला, तेव्हा त्याने बोटानेच खूण केली: इथेच उभा राहा. समीक्षकाला साक्षीदार लागतो.

थोड्या वेळाने दुसरा वेटर घाईघाईत आला, त्याच्याकडे न बघताच दोन ताटल्या टेकवल्या आणि निघून गेला. उद्धटपणा, त्याने फोनवर टिपलं. शिकवलेला.

काळ्या ताटलीत हिरव्या सॉसचा फराटा आणि अर्धं बिस्कीट. बिस्किटाच्या कडेला दातांची नक्षी. त्याने फराटा खरवडून तोंडात घातला. चव अप्रतिम होती. तो भयंकर चिडला.

दुसऱ्या ताटलीत माशाचा एक काटा आणि त्याला चिकटलेला चिमूटभर मासा. ‘मासा नव्हे, माशाची आठवण,’ त्याने नाइलाजाने लिहिलं.

मग क्रमच उलटा झाला. आधी गोडाचा पदार्थ आला, नंतर सूप. सूप वाटीच्या तळाशी घोटभर, तेही गार. हा टोला आपल्यालाच आहे, हे त्याने बरोबर ताडलं. भांडी विसळलेलं पाणी म्हणाला होतात ना, दाजी? घ्या.

शेवटी एक पेला आला. काठावर लालचुटुक ठसा, अगदी ओठांसारखा. त्याने तो चाटून पाहिला. बीट नव्हतं. मेणकट, किंचित सुगंधी. काय आहे ते त्याला ओळखता येईना, आणि अख्ख्या कारकिर्दीत असं कधी झालं नव्हतं.

मिशीवाल्याने ताटल्या उचलायला हळूच हात पुढे केला. त्याने ताटली स्वतःकडे ओढून घेतली. वेटरने डोळे मिटून घेतले.

हरल्याची कडू चव आणि सॉसची चव एकाच जिभेवर होती. पण तो खोटं लिहीत नसे. त्याने हिमनगाचं वाक्य पुसलं आणि लिहिलं, ‘इथे जेवण वाढत नाहीत, उरवतात. प्रत्येक ताटली पाहून वाटतं, आपल्याआधी इथून कोणीतरी तृप्त होऊन उठलंय. एवढं धाडस आजवर कोणी केलेलं नाही.’ दात-ओठ खात त्याने लेख पाठवला. ऑफिसने लगेच तो वेबसाइटवर चढवलाही.

बायकोचा मेसेज आला. “वाचलं. बॅग रिकामी करतेय. माणूस आहात म्हणायचं.”

तेवढ्यात झुलतं दार उघडून मेहुणा बाहेर आला. चेहरा दगडासारखा.

“दाजी, अख्खी संध्याकाळ तुमच्यासाठी सगळं थांबवून ठेवलंय. होतात कुठे?”

“इथेच. कौतुक करून झालंय तुझं. आता नाटकं पुरेत.”

“कसलं कौतुक? तुम्हाला अजून मी काही वाढलेलंच नाही.”

त्याने मेहुण्याकडे पाहिलं, मग मिशीवाल्याकडे. हळूच चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवला.

वेटरने मोठा श्वास सोडला.

“साहेब,” तो म्हणाला, “या टेबलावर आम्ही उष्ट्या ताटल्या ठेवतो.”