ठिपक्यांची गर्दी
बत्तीस सालच्या सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीत पाच वर्षांची ठमी हरवली, त्याला आज सतरावा दिवस. तिचा बाप खंडेराव भांड्यांवर नावं घालणारा कारागीर. चित्र काढायला तो कधी शिकला नव्हता, पण छिन्नीने ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर उमटवण्यात त्याचा हात बसलेला होता. तसेच बोरूने ठिपके देत देत तो ती सगळी गर्दी कागदावर उभी करत होता. चौकीत हेलपाटे घालून काही हाती लागलं नव्हतं. आता कोण कुठे उभं होतं हे नीट आठवलं, तर पोर कुणाच्या मागे गेली ते कळेल, एवढीच आशा उरली होती. गोसावी झाले, छत्रीखालचे भटजी झाले, ठमीचा परकर झाला. “तिनेच हिसडा देऊन बोट सोडवलं,” हे त्याने बायकोला शंभरदा सांगितलं होतं. बयाबाईने कागद उजेडात धरला. “एवढी माणसं काढलीत. तुम्ही कुठे आहात यात?” खंडेरावने ठमीच्या शेजारी आपलं डोकं काढलं, खांदे काढले, आणि हातांपाशी येऊन बोरू थांबला. पुढच्या माणसाच्या खांद्यावर पितळी कळशी होती. तिच्यावरचं नाव आपण घातलेलं आहे का, हे बघायला त्याने ती उन्हाकडे वळवली होती. त्याने आपले दोन्ही हात कळशीवर काढले. बयाबाईने हळूच विचारलं, “काय नाव होतं?” ते मात्र त्याला अक्षरन् अक्षर आठवत होतं.